शेवटच्या माणसाची वाट पाहणारे

(अभ्यास शिबिरातल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



मला इथं बोलावताना सांगितलं होतं, इतिहासावर बोला. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. ड्यूटी संपवून, लोकलला लटकून इथं आलोय. त्यामुळे विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. एखादी मोठी घटना घडते. तिच्यातून वाचलेली माणसं वर्षं जातात तशी एकेक करून मरतात. मग एक दिवस एकच माणूस उरतो. त्या शेवटच्या माणसाचं काय होतं? त्याच्या दारात कोण जातं? आणि त्याच्या मरणाची वाट पाहत कोण बसतं?

पेपरवाल्यांना हा शेवटचा माणूस फार आवडतो. फ्रान्सचं उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात लढलेला त्यांचा शेवटचा सैनिक लाझार पोंतिसेली २००८ च्या मार्चमध्ये वारला. वय ११०. जन्माने हा इटालियन. पोट भरायला पोरवयात पॅरिसला आलेला. लोकांची धुराडी साफ केली, रस्त्यावर पेपर विकले आणि वय खोटं सांगून फौजेत शिरला. सरकार म्हणालं, शेवटचा जो मरेल त्याला सरकारी इतमामानं निरोप देऊ. म्हातारा आधी नाहीच म्हणाला. का? तर शेवटी उरलो म्हणून माझा सोहळा करायचा, हा आधी मेलेल्यांचा अपमान आहे. मग अखेरीस साध्या प्रार्थनेला कबूल झाला, तीही सगळ्या मेलेल्यांच्या नावानं. राष्ट्राध्यक्ष आले, सलामी झाली.

आता टायटॅनिक. १९१२ साली ते जहाज बुडालं तेव्हा मिलविना डीन नावाची पोर दोन महिन्यांची होती. तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावरचं कुटुंब. बाप बुडाला. आई, भाऊ आणि ही पोर वाचली. ती २००९ साली वारली, टायटॅनिकची शेवटची प्रवासी म्हणून. पण मरायच्या आधी वृद्धाश्रमाचं बिल भागत नव्हतं, म्हणून तिनं टायटॅनिकच्या आठवणीच्या वस्तू लिलावात विकायला काढल्या. त्या जहाजावरच्या सिनेमानं तोवर अब्जावधी डॉलर कमावले होते. बातमी झाल्यावर सिनेमावाल्यांनीही मदत पाठवली, हे खरं. पण त्यासाठी आधी बाईला पेटी विकायला लागली. तिसरा वर्ग शंभर वर्षं झाली तरी सुटला नाही, एवढं ध्यानात ठेवा.

तरी यांना शेवटचं म्हणून कुणीतरी मोजलं होतं. मोजायला यादी लागते. सैन्याची यादी असते, जहाजाच्या प्रवाशांची यादी असते. ज्यांची यादीच कुणी केली नाही, त्यांच्यातला शेवटचा कसा शोधणार?

आता मी ज्या जहाजाबद्दल सांगतोय, त्याचं नाव क्लोटिल्डा. अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून कायद्यानं बंदी होती. बंदी आणण्यावर होती. ठेवण्यावर, विकण्यावर, फटके मारण्यावर नव्हती. अलाबामातल्या मोबील शहरात टिमथी मेअर नावाचा जहाजांचा धनी होता. त्यानं पैज लावली, कायदा असो की नसो, मी आफ्रिकेतून माणसं आणून दाखवतो. विल्यम फॉस्टर हा त्याचा कप्तान. तो दाहोमीच्या राज्यात, म्हणजे आजच्या बेनिनमधल्या उइदा बंदरात गेला आणि सुमारे ११० माणसं विकत घेऊन १८६० च्या उन्हाळ्यात परतला. रात्रीच्या अंधारात माणसं उतरवली आणि जहाज नदीत नेऊन पेटवून दिलं. पुरावा नको! पैज जिंकली. शिक्षा एकालाही झाली नाही.

पण पुरावा जळाला नव्हता. पुरावा चालत होता, बोलत होता, मेअरच्या शेतात आणि बोटींवर राबत होता. त्यातला एक कोसोला. अंदाजे एकोणीस वर्षांचा. गोऱ्यांनी त्याचं नाव कजो लुईस करून टाकलं. १८६५ साली उत्तरेचे सैनिक आले आणि म्हणाले, तुम्ही आता मोकळे. कुठं जायचं? कुठंही जा! जहाजाच्या तिकिटाला पैसे नाहीत. कोसोला मेअरकडे गेला. आमच्या मुलखातून तू आम्हाला उचलून आणलंस, आता राहायला जमीन दे, म्हणाला. मेअर खवळला. माझ्या गुलामांना मी नीट वागवलं होतं, वर आणखी जमीन कशाला द्यायची, असा त्याचा न्याय. तेव्हा या माणसांनी लाकडाच्या वखारीत राबून, अर्धपोटी राहून पैसा जोडला आणि जमीन विकत घेतली. १८७२ साली कोसोलानं १०० डॉलरला दोन एकर घेतले. वस्ती उभी केली, देऊळ बांधलं, शाळा काढली. त्या वस्तीचं नाव आफ्रिकाटाउन. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्त्या आठवा म्हणजे कळेल. फरक इतकाच की त्यांना बाहेर कुणी बसवलं नव्हतं, ते मुद्दाम वेगळे बसले.

१९०२ साली रेल्वेच्या इंजिनानं कोसोलाला उडवलं. तो कायमचा अधू झाला. त्यानं कोर्टात दावा लावला, ६५० डॉलर मंजूर झाले, आणि वरच्या कोर्टानं ते काढून घेतले. त्याच वर्षी त्याचा एक मुलगा डेप्युटी शेरीफच्या गोळीनं मेला. सहा मुलं होती. सहाही त्याच्या डोळ्यांदेखत गेली, बायकोही गेली. म्हातारा देवळाची झाडलोट करत एकटा उरला.

१९२७ साली झोरा नील हर्स्टन ही काळी तरुण लेखिका त्याच्याकडे पहिल्यांदा गेली. पुढं पुन्हा गेली, महिनोन् महिने जात राहिली. जाताना पीच न्यायची, कलिंगड न्यायची. काही दिवस तो बोलायचा. काही दिवस म्हणायचा, आज नाही, आज मला बागेत काम आहे. ती गप्प बसून राहायची किंवा त्याला देऊळ झाडू लागायची. तिनं फोटो काढायचं म्हटलं तेव्हा म्हाताऱ्यानं चांगला सूट घातला आणि पायातले बूट काढले. आफ्रिकेत असल्यासारखं दिसायचंय म्हणाला, कारण मन तिथंच आहे. उभा कुठं राहिला? आपल्या बायकामुलांच्या थडग्यांमध्ये.

झोरानं पुस्तक लिहिलं, 'बॅराकून'. १९३१ पर्यंत ते पुरं झालं. प्रकाशक म्हणाले, छापतो, पण या म्हाताऱ्याची बोली काढा, शुद्ध भाषेत लिहा. झोरा म्हणाली, नाही. तो जसा बोलला तसंच जाईल. मग पुस्तक पडून राहिलं. किती वर्षं? २०१८ साली छापलं! कोसोला १९३५ साली मेला होता. झोरा १९६० साली गरिबीत मेली, तिच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. शुद्ध भाषेच्या हट्टापायी एका माणसाची साक्ष ऐंशीहून अधिक वर्षं कोंडून ठेवली गेली. आपल्या लेखकांना 'भाषा जरा सुधारा' म्हणून सांगणारे संपादक आठवतात ना? जात एकच आहे, मित्रांनो.

आता खरी गंमत पुढं आहे. इतकी वर्षं सगळी दुनिया म्हणत होती, कोसोला हा त्या जहाजाचा शेवटचा माणूस. २०१९ साली हॅना डर्किन या संशोधक बाईनं जुनी कागदपत्रं चाळून दाखवलं की रेडोशी नावाची बाई त्याच्यानंतरही होती. बारा वर्षांची असताना पकडलेली, १९३७ साली वारली. २०२० साली तिनंच आणखी एक नाव काढलं, मटिल्डा मक्रिअर. पकडली तेव्हा जेमतेम दोन वर्षांची, आईच्या कडेवरची. ती १९४० च्या जानेवारीत सेल्मा गावी वारली. म्हणजे शेवटचा पुरुष गेल्यावर दोन बाया जिवंत होत्या आणि ऐंशी वर्षं इतिहासाला पत्ता नव्हता.

पत्ता नव्हता असं तरी कसं म्हणू? झोराला एका म्हाताऱ्या बाईचा पत्ता लागला होता. १९२८ साली कवी लँग्स्टन ह्यूज यांना तिनं पत्रात कळवलं होतं की कजोपेक्षा थोर आणि बोलायला चांगली अशी एक बाई मला सापडली आहे. ती रेडोशीच असावी असं आता मानतात. पण तिच्यावर पुस्तक झालं नाही. आणि मटिल्डा? सत्तरी ओलांडलेली ही बाई १९३१ साली पंधरा मैल चालत सेल्माच्या कोर्टात गेली. मला पळवून आणलं, माझी भरपाई द्या, म्हणाली. न्यायाधीशानं वाटेला लावली. दोन वर्षांची असताना जिला उचललं, ती सत्तर वर्षांनी पायी चालत हिशोब मागायला गेली! हिला विसरलेली म्हणायचं की विसरू न देणारी म्हणायचं?

सेल्मा हे नाव तुम्ही ऐकलेलं असेल. १९६५ साली मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी घोडे घातले, ते हेच गाव. त्या दिवशी मार खाऊन पुलावर बेशुद्ध पडलेल्या अमेलिया बॉयंटन रॉबिन्सन या बाईनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की तरुणपणी ती रेडोशीला भेटली होती. म्हणजे गुलामांचं जहाज आणि सेल्माचा पूल यांच्यामध्ये एका म्हातारीच्या ओसरीइतकंच अंतर होतं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला टोचेल. कोसोलानं झोराला सांगितलं की मला गोऱ्यांनी नाही पकडलं. दाहोमीच्या राजाच्या फौजेनं पहाटे गाव कापलं, म्हाताऱ्यांची मुंडकी उडवली आणि जवानांना नेऊन विकलं. घेणारा गोरा, विकणारा काळा. हे ऐकून झोरा हादरली. तिला ते सोयीचं नव्हतं. चळवळीलाही नव्हतं. पण तिनं ते खोडलं नाही. साक्षीदार आपल्या घोषणेच्या मापाचा मिळत नसतो. त्याला आपल्या मापात कापायला गेलात तर तुमच्यात आणि त्या शुद्ध भाषेवाल्या प्रकाशकात फरक काय?

आता दुसरी घटना. ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा शहर. ३१ मे आणि १ जून १९२१. ग्रीनवूड ही काळ्यांची सुखवस्तू वस्ती. दुकानं, हॉटेलं, थेटरं, दवाखाने, वर्तमानपत्र, सगळं स्वतःचं. लिफ्टमध्ये गोऱ्या पोरीवर हात टाकला, असा बूटपॉलिश करणाऱ्या एका काळ्या पोरावर आळ आला. नंतर खटलाही टिकला नाही. पण गोऱ्यांच्या टोळ्या ग्रीनवूडवर तुटून पडल्या. सुमारे ३५ ब्लॉक जाळून राख केले. वाचलेल्या हजारोंना धरून छावण्यांत कोंडलं. सरकारी आकडा ३६ मेलेल्यांचा, इतिहासकारांचा अंदाज ३०० पर्यंत जातो. कागदावर नाव घातलं 'दंगल'. दंगल का? विम्याच्या करारात दंगलीचं नुकसान धरत नाहीत! एक शब्द लिहिला आणि सगळ्यांचे दावे उडाले. १९७८ साली मराठवाड्यात काय झालं? घरं कुणाची जळाली आणि कागदावर शब्द कोणता आला? दंगल म्हटलं की दोन्ही बाजू आल्या. मारणारा आणि मार खाणारा एकाच ओळीत.

टल्साच्या त्या रात्री व्हायोला फ्लेचर सात वर्षांची होती. घर गेलं, शाळा चौथीपुढं गेली नाही. आयुष्यभर लोकांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट केली, पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत. २०२१ साली, वयाच्या १०७ व्या वर्षी, ती अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढं बसली आणि म्हणाली की ते प्रेतांचे ढीग आणि तो धुराचा वास मी रोज जगते. देश विसरला असेल, मला ते जमत नाही. सोबत तिचा धाकटा भाऊ ह्यूज व्हॅन एलिस आणि लेसी रँडल. या तिघांनी भरपाईचा दावा लावला होता. सरकारी वकिलांनी तारखांवर तारखा घेतल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात भाऊ गेला, १०२ वर्षांचा. जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की तक्रार रास्त आहे, पण कायद्याच्या या कलमात बसत नाही. निकाल ऐकणाऱ्या बायांपैकी एक ११० वर्षांची, दुसरी १०९ ची. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या न्याय खात्यानं अहवाल दिला की हल्ला पद्धतशीर होता, पण आता खटला भरायला कुणी आरोपी जिवंत नाही. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात व्हायोला फ्लेचरही गेली.

कळतंय का खेळ? आधी म्हणायचं, पुरावा नाही. पुरावा घेऊन आलात तर म्हणायचं, मुदत संपली. मुदत कुणी संपवली? शंभर वर्षं गप्प कोण बसलं? आरोपी मेले म्हणून खटला नाही आणि फिर्यादी मेले की भरपाई नाही. व्यवस्थेला बंदूक लागत नाही, कॅलेंडर पुरतं.

त्याच २०२४ साली टल्साच्या स्मशानात बेनाम पुरलेल्या एका सांगाड्याची ओळख पटली. सी. एल. डॅनियल. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत होता. सुरुवातीला सांगितलेला तो फ्रान्सचा शेवटचा सैनिक आठवा. त्याला सलामी मिळाली. त्याच युद्धातला हा काळा सैनिक स्वतःच्या देशात १०३ वर्षं नावाशिवाय मातीखाली होता.

आता आपल्याकडे या. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांच्या लढ्याशी नातं जोडलं होतं. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी पँथर हे नावच तिकडून उचललं. नातं आहे, तर धडाही घेतला पाहिजे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यालेला माणूस आता भेटणं नाही. त्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं पोरही आज शंभरीच्या पार गेलं असतं. पण १४ ऑक्टोबर १९५६ अजून हातात आहे. नागपूरला तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. तुमच्या चाळीत आहेत, झोपडपट्टीत आहेत, पोटमाळ्यावर खोकत पडलेली आहेत.

माझी आजी त्यातली एक होती. वर्ध्याकडची. दहा वर्षांची असताना बापाचं बोट धरून गेलेली. मी कॉलेजात असताना तिला म्हणालो, आजी, बाबासाहेब कसे दिसत होते सांग. ती म्हणाली, "मले काई दिसलं नाई रे पोरा. समोर माणसायच्या पाठीच पाठी. मी भोंग्यातून आवाज आयकला. माही चप्पल हरपली होती, मी तेच पाहत होती. पन माह्या बापानं मले उचललं अन् मनला, आता चप्पल नवी घेऊ, सगळंच नवं घेऊ." मी हिरमुसलो. मला बाबासाहेबांचा चेहरा हवा होता, तिनं चप्पल सांगितली. एकदा वर्गात हे सांगायला गेलो तर मास्तर म्हणाले, हा काही पुरावा नव्हे, ही म्हातारीची आठवण. मी तेही मान्य केलं. गाढव मी! खिशात फोन होता, फोनात रेकॉर्डर होता. पुढच्या सुट्टीत बघू, म्हणत सात वर्षं काढली. २०१९ साली आजी गेली.

तिच्या आईनं पांढरं लुगडं कुठून आणलं होतं? गावी परतल्यावर देव कुणी नदीत सोडले, कुणी लपवून ठेवले? विहिरीवर दुसऱ्या दिवशी काय झालं? हे सगळं तिला ठाऊक होतं. मी विचारलंच नाही. तिकडचं सरकार शेवटच्या माणसाच्या मरणाची वाट पाहत होतं म्हणून मी आत्ता शिव्या घातल्या. मीही सात वर्षं वाट पाहिली, मित्रांनो. माझ्या दाराशी कुठला सरकारी वकील आला नव्हता.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी नोकरी-संसार सांभाळून दारोदार जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या बायांना बोलतं केलं आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं केलं. त्या गेल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी बाया रेडोशीसारख्या गेल्या असत्या. त्यांच्याकडं टेपरेकॉर्डर मिळवायची पंचाईत. तुमच्या हातात रोज काय असतं ते बघा.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येकानं एका म्हाताऱ्या माणसाकडं जायचं. रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि एकदाच जायचं नाही. तो म्हणाला आज नको, तर पाणी भरून द्यायचं आणि परत यायचं. आधी बाईकडं जायचं, मग बुवाकडं. पुढाऱ्यांचं विचारण्याआधी चुलीचं, चपलेचं, विहिरीचं विचारायचं. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी, अहिराणी असेल तर अहिराणी, एक अक्षर शुद्ध करायचं नाही. आपल्याला न आवडणारं बोलला, तर तेही ठेवायचं. नाव, गाव, तारीख लिहायची, त्याला विचारून लिहायची, आणि नक्कल दोन ठिकाणी ठेवायची. बस्स.

आजीचं मला जेवढं आठवतं तेवढं मी वहीत उतरवलंय. अकरा पानं भरली. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईची अकरा पानं.

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक मावशी आहे. एकोणऐंशी वर्षांची, कानानं कमी ऐकते, पण बोलायला लागली की थांबत नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला मी तिच्याकडं जाणार आहे. दोघंतिघं बसतील एवढी जागा आहे. कोण येतंय?

जय भीम.